कोंबडी कापायला जायच्या आधी: शेडमध्येच जंतू कमी कसे करायचे

तीन वर्षांपूर्वी गोव्यातल्या वाळपईच्या एका चिकनवाल्याने सकाळी साडेसातला मला फोन केला, वहिनी जरा दुकानावर येऊन जा म्हणून. गेले तर त्याने माझ्याच शेडातली कोंबडी उघडून फळीवर ठेवलेली, गळ्याखालची खाद्याची पिशवी मोसंबीएवढी फुगलेली, आणि सुरीचं टोक लागल्याबरोबर आतला पिवळा ओला मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य, भसकन बाहेर आला, छातीच्या मांसावर, फळीवर, त्याच्या बोटांवर. त्याने फडक्याने पुसलं आणि त्याच फळीवर पुढची कोंबडी घेतली. चूक त्याची नव्हती, माझी होती. रात्री दोनला गाडी आली तोपर्यंत मी फीडर, म्हणजे खाद्याची भांडी, भरलेले ठेवले होते, चार पैशांचं वजन जास्त भरावं म्हणून.

सत्तरी तालुक्यात आमची छोटी शेड आहे, एका बॅचला बाराशे पक्षी. हे सगळं मी छोट्या शेडवाल्यांसाठी लिहितेय, कारण मोठ्या कंपन्यांकडे डॉक्टर असतात, आपल्याकडे फक्त खाद्याच्या गाडीवाल्याचा सल्ला असतो.

आधी जंतूंचं समजून घ्या. मुख्य दोन, साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर. दोघेही कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि बहुतेक वेळा कोंबडीला काहीच होत नाही, ती खाते, पिते, वजन घेते, तुरा लाल, डोळे स्वच्छ, त्यामुळे आपल्याला कळतच नाही, आणि म्हणूनच "माझे पक्षी एकदम हेल्दी आहेत" या वाक्याला या बाबतीत काही अर्थ नाही. कॅम्पायलोबॅक्टरला ४२ डिग्रीच्या आसपास सगळ्यात छान वाढता येतं आणि कोंबडीच्या अंगाचं तापमान नेमकं ४१-४२, म्हणजे त्याच्यासाठी कोंबडीचं पोट हे घरच. लागलेल्या पक्ष्याच्या एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी जंतू असतात आणि माणसाला आजारी पाडायला पाचशेसुद्धा पुरतात. जुलाब, ताप, पोटात मुरडा, आणि थोड्या लोकांना नंतर गिया-बारे (जीबीएस), म्हणजे हातापायातली ताकद जाण्याचा आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसचे पेशंट वाढले तेव्हा काहींच्या शौचाच्या तपासणीत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता, तिथे पाण्यावर मोठा संशय होता, पण जंतू तोच.

घरी चिकन नीट शिजवलं की हे मरतात हे खरं. पण कच्चं चिकन सिंकमध्ये धुताना उडणारं पाणी, तीच सुरी कांद्याला, तिथून ते पसरतं. म्हणून आपल्याकडून जंतू जेवढे कमी जातील तेवढं चांगलं. शून्य होत नाहीत, कमी होतात, आणि ते कमी होणं खूप मोलाचं आहे.

पिल्लं यायच्या आधी

जुनी गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला तुसाचा थर, पूर्ण काढायची, अर्धी ठेवून वर नवीन तूस टाकायचं नाही. आधी कोरडी सफाई, जाळ्या, पंखे, पाती, कोपऱ्यातली धूळ, मग साबणाचं पाणी मारून घासायचं, मग वाळू द्यायचं आणि मगच जंतुनाशक. बरेच लोक सरळ जंतुनाशक फवारतात. विष्ठेचा पापुद्रा तसाच असेल तर औषध त्या घाणीतच मरतं, खालच्या जंतूला लागतच नाही. भिंतींना चुना. आणि त्यानंतर शेड किमान दोन आठवडे रिकामी. पावसाळ्यात शेड वाळतच नाही, मी पंखे लावून वाळवते, लाइट बिल येतं पण ओल्या शेडात पिल्लं घेत नाही.

पाण्याची लाइन विसरू नका. पिल्लांना पहिल्या दिवशी आपण गूळपाणी देतो, नंतर व्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक, हे सगळं पाइपच्या आत चिकट थर करतं, बोट घातलं तर बुळबुळीत लागतं, जंतू तिथे आरामात राहतात. बॅच संपली की हायड्रोजन पेरॉक्साइडचं लाइन-क्लीनर डब्यावर लिहिलंय तसं भरून ठेवायचं आणि मग जोरात पाणी सोडून धुवायचं, शेवटच्या निपलमधून, म्हणजे पक्षी ज्या तोटीतून पाणी पितात तिच्यातून, साफ पाणी येईपर्यंत.

उंदीर, आणि गादीखाली राहणारे ते छोटे काळे किडे, हे दोघं जुन्या बॅचचा साल्मोनेला नव्या बॅचला नेऊन देतात. उंदराच्या एका लेंडीत लाखभर जंतू असू शकतात, आणि ती फीडरमध्ये पडली की झालंच. खाद्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. शेडाभोवती गवत, नारळाच्या झावळ्यांचा ढीग, नारळाची सोडणं, काहीच ठेवायचं नाही. आमच्याकडे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, शेडाला लागून आहे त्यामुळे हे दर महिन्याचं काम आहे.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचं पोट रिकामं असतं. गावठी कोंबडीची पिल्लं आईच्या मागे फिरत तिच्याकडून चांगले जंतू घेतात, मशीनच्या पिल्लाला आईच नसते, मग जो आधी येईल तो पोटात बसतो. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना लवकर दिले तर साल्मोनेलाला पोटात जागा मिळत नाही. आज मिळणारी प्रोबायोटिक्स याच विचारावर आहेत. पहिल्या दिवसापासून द्या, आठव्या दिवशी आठवण झाली तर अर्धा फायदा गेला. आणि ज्या पाण्यात प्रोबायोटिक आहे त्यात क्लोरीन नको, नाहीतर स्वतःच घालून स्वतःच मारल्यासारखं होईल, लाइव्ह व्हॅक्सिनच्या, म्हणजे जिवंत जंतूंच्या लसीच्या, दिवशीही तसंच. कोणी घरच्या कोंबडीची विष्ठा कालवून पाजू नका हं, त्यातून भलतंच काहीतरी येईल.

चपला

मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी चपला सांगेन. कॅम्पायलोबॅक्टर पिल्लांसोबत क्वचितच येतो, पहिले दोन-तीन आठवडे पक्ष्यांत तो सहसा दिसत नाही, मग बाहेरून कधीतरी आत येतो आणि एका पक्ष्याला लागला की आठवडाभरात पूर्ण शेड. तो येतो कुठून तर गोठ्यातून, शेणातून, अंगणातल्या गावठी कोंबड्यांकडून, कुत्र्याकडून, आणि पावसात शेडाबाहेर जे डबकं साचतं त्यातून. आणता कोण? आपणच, पायाला लावून. सकाळी गाईचं दूध काढलं, तशाच चपलेने शेडात.

दारात फिनाइलच्या पाण्याचं घमेलं ठेवतात सगळे, त्यात दोन दिवसांनी चिखल आणि पाचोळा असतो, त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा दाराच्या आत एक बुटका बाक आडवा टाका. बाकाच्या अलीकडे बाहेरच्या चपला काढायच्या, बाकावर बसून पाय पलीकडे फिरवायचे आणि तिकडचे गमबूट घालायचे. शेडाचे बूट बाकाच्या बाहेर कधीही येत नाहीत. साबणाने हात धुवायचे. वीस सेकंदांचं काम आहे, मुलं, पाहुणे, इलेक्ट्रिशियन, डॉक्टर, सगळ्यांना तेच. सासूबाई पहिले दोन आठवडे रागावल्या, आता त्या स्वतः बाकावर बसवतात लोकांना.

शेडाभोवती तीन फूट खडी टाकली की दारापर्यंत चिखल येत नाही. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोणी हौसेने गावठी कोंबडा आणला तर तो शेडाच्या जवळपाससुद्धा नको, त्याला बघायला जाणाऱ्याचे पाय वेगळे.

माशांसाठी जाळी लावा. डेन्मार्कमध्ये शेडना माशा अडवणारी जाळी लावून बघितली तर उन्हाळ्यात कापायला जाणाऱ्या निम्म्या बॅचेसमध्ये जो कॅम्पायलोबॅक्टर सापडायचा तो साधारण १५ टक्के बॅचेसवर आला. आपल्याकडे उकाडा आहे, बारीक जाळीने हवा अडते, त्यामुळे मी चारही बाजूंना लावलेली नाही, गोठ्याकडच्या आणि खताच्या खड्ड्याच्या बाजूला लावलीय आणि तिथे एक पंखा वाढवलाय. खताचा खड्डाच लांब नेता आला तर त्याहून चांगलं.

पाणी आणि गादी

आमचं पाणी विहिरीचं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की विहिरीत लाल गढूळ पाणी उतरतं आणि त्याबरोबर रानातलं सगळंच. म्हणून क्लोरीन. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर हजार लिटरला १० ग्रॅम, त्याने तीनेक पीपीएम, म्हणजे लिटरला तीनेक मिलिग्रॅम, येतं, थोड्या पाण्यात कालवून वरचं निवळलेलं पाणी टाकीत घालायचं, अर्धा तास थांबायचं. पण हिशेब टाकीपाशी करू नका, शेडाच्या अगदी शेवटच्या निपलवर क्लोरीन मोजायची स्ट्रिप धरा, तिथे २ ते ५ दिसलं पाहिजे, गढूळ पाणी असेल तर ते क्लोरीन वाटेतच खाऊन टाकतं. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीन लंगडं पडतं, जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा थोडं आंबट बाजूचं असतं त्यामुळे आपल्याला तो त्रास कमी, तरी एकदा तपासून घ्या.

गादीचं सांगते. जुलैत सकाळी मी मूठभर तूस उचलून घट्ट दाबते आणि मूठ उघडते. भुसभुशीत होऊन पडलं तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला आणि तळहात ओला झाला तर त्या जागेवर काम आहे. निपलखाली नेहमी असा गोळा होतो, तिथलं ओलं तूस त्याच दिवशी काढून कोरडं घालायचं, निपलची उंची वाढवायची म्हणजे पक्षी मान वर करून पितो आणि पाणी सांडत नाही. कॅम्पायलोबॅक्टरला कोरडेपणा सहन होत नाही, कोरडी गादी त्याचा मोठा शत्रू. साल्मोनेला जास्त चिवट, तो कोरड्यातही टिकतो, पण ओल्यात तोही वाढतोच. रोज एकदा गादी वर-खाली करा, पक्ष्यांना लागणाऱ्या अमोनियाचाही प्रश्न त्यातच सुटतो.

श्रावणात आपल्याकडे गिऱ्हाईक पडतं, चतुर्थी होईपर्यंत निम्मा गोवा शाकाहारी, आणि पक्षी ४२ दिवसांऐवजी पन्नास दिवस शेडात राहतात. गादी सगळ्यात ओली तेव्हाच, पक्षी सगळ्यात मोठे आणि दाटीत तेव्हाच, आणि वय वाढतं तशी कॅम्पायलोबॅक्टर असण्याची शक्यता वाढतेच. त्यामुळे मी आता पिल्लं घेतानाच कॅलेंडर बघते आणि श्रावणात विक्रीला येणारी बॅच निम्मीच घेते.

खाद्य

पेलेट, म्हणजे दाबून केलेलं गोळीखाद्य, गरम वाफेतून आलेलं असतं म्हणून मॅशपेक्षा सुरक्षित, तरी उघडं ठेवलं तर वर उंदीर आणि चिमण्या आहेतच. आपल्या किनारपट्टीवर एक वेगळी सवय आहे, सुकी मासळी कुटून खाद्यात घालायची किंवा बाजारातलं मासळीचं वेस्ट टाकायचं, स्वस्तात प्रोटीन म्हणून. हे करू नका. १९७० च्या सुमाराला पेरूहून आलेल्या मासळीच्या पावडरीतून साल्मोनेला अ‍ॅगोना नावाचा प्रकार अमेरिका, ब्रिटनच्या कोंबड्यांत शिरला आणि तिथून माणसांत गेला. वाळूवर सुकवलेल्या, कावळ्या-कुत्र्यांनी तुडवलेल्या मासळीची गत वेगळी नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. जंतू कमी करायला म्हणून शेवटच्या आठवड्यात अँटिबायोटिक देऊ नका. त्याने जंतू संपत नाहीत, चिवट होतात, आणि औषध मांसात राहतं. कोलिस्टिन तर जुलै २०१९ पासून भारतात खाण्याच्या जनावरांसाठी बंदच आहे, तरी कोणी पुडी आणून दिली तर परत करा.

शेवटचे चोवीस तास

इथेच सगळ्यात जास्त बिघडतं आणि इथे सुधारायला पैसेही लागत नाहीत.

खाद्य बंद केल्यापासून कापेपर्यंत एकूण ८ ते १२ तास. यात शेडातले, गाडीतले आणि दुकानातल्या पिंजऱ्यातले सगळे तास मोजायचे, लोक फक्त शेडातले मोजतात. आठच्या आत कापलं तर पिशवी आणि आतडी भरलेली, माझ्या त्या कोंबडीसारखी. बारा-चौदाच्या पुढे गेलं तरी वाईट, आतड्याचं अस्तर पातळ होऊन हात लावताच फाटतं, पित्ताची पिशवी फुगते, आणि भुकेला पक्षी गादीतली विष्ठा टोचून खातो त्यामुळे खाद्याच्या पिशवीत साल्मोनेला उलट वाढतो. जास्त उपाशी म्हणजे जास्त स्वच्छ, असं अजिबात नाही.

समजा सकाळी सातला कापायचंय. मी रात्री नऊला फीडर वर ओढते, सगळे एकदम, अर्धे नाही. त्या दिवशी फीडर दुपारी रिकामे राहू द्यायचे नाहीत, कारण उपाशी पक्ष्यांपुढे संध्याकाळी खाद्य आलं की ते गळ्यापर्यंत ठोसून खातात आणि मग नऊला बंद करूनही पिशवी भरलेलीच राहते. पाणी मात्र पकडणी सुरू होईपर्यंत चालू. पाण्यानेच पोट पुढे सरकतं. लाइट मंद पण चालू, पक्षी उठून पाण्यावर गेले पाहिजेत, अंधार केला तर ते बसून राहतात आणि पोट रिकामं होत नाही. पहाटे चारला पकडणी, पाचला गाडी, सहाला दुकान.

वजनाचं म्हणाल तर खाद्य बंद असताना दर तासाला साधारण पाव ते अर्धा टक्का जातो, दोन किलोच्या पक्ष्याला दहा तासांत पन्नास ते शंभर ग्रॅम. त्यातली बरीचशी विष्ठा आणि न पचलेलं खाद्यच असतं. मी चिकनवाल्याशी सरळ बोलले, की तुला पोट रिकामं असलेला पक्षी देते, किलोमागे दर थोडा वाढवून दे, आणि त्याने दिला, कारण त्याचंही वेस्ट कमी झालं आणि फळी साफ राहायला लागली.

पण आपली दुकानं दिवसभर थोडं थोडं कापतात, तिथे सकाळी सातचा हिशेब संध्याकाळी सातला कसा लागणार? मी दोन भाग करते. सकाळी कापायचे पक्षी पहाटे देते. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाचे पक्षी शेडातच ठेवते, त्यांचं खाद्य सकाळी नऊला बंद, उन्हं उतरल्यावर चारनंतर गाडी. दुकानदाराला हे पटवायला वेळ लागतो, पण उरलेले पक्षी पिंजऱ्यात रात्रभर उपाशी ठेवण्यापेक्षा रोज लागतील तेवढेच मागवलेले त्यालाही परवडतात.

खाद्य बंद असतानाच्या त्या तासांत पाण्यात लॅक्टिक अ‍ॅसिड घालता येतं, त्याने खाद्याच्या पिशवीतले दोन्ही जंतू कमी होतात. ८८ टक्क्यांचं फूड ग्रेड असेल तर १०० लिटरला अर्धा लिटर. आपल्या डॉक्टरांना विचारून करा आणि आधी एका लाइनवर बघा पक्षी पितात का, पिणं घटलं तर प्रमाण कमी करा, कारण पाणीच न पिणं हे जास्त वाईट. हातमोजे घाला, अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडात नाही. आणि हे नीट वाचा: क्लोरीनच्या पाण्यात अ‍ॅसिड कधीही घालू नका, विषारी वायू निघतो, टाकी आणि लाइन साध्या पाण्याने धुऊन मगच. काम झाल्यावर लाइन परत धुवा नाहीतर निपल गंजतात. कोणी सुचवतं की कोकमाचं आगळ घालू, ते नको, त्यात मीठ असतं.

पकडणी आणि क्रेट

खरं नुकसान कोण करतं सांगू? व्यापाऱ्याचे क्रेट. पहाटे गाडीतून उतरवले की टॉर्च मारून बघा, कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या दुसऱ्या कुणाच्या पक्ष्यांची विष्ठा सुकून पिसांसकट चिकटलेली असते. दीड महिना तुम्ही बाकावर बसून बूट बदललेत आणि शेवटच्या दोन तासांत पक्षी त्यात बसवलेत. मी स्वतःचे तीस क्रेट घेतले. भिजवायचे, ब्रशने घासायचे, जंतुनाशक, आणि उन्हात उलटे. ऊन आणि सुकणं हे फुकटचं औषध. जुलैत ऊन नसतं तेव्हा छपराखाली पंख्यासमोर, ओला क्रेट घाणेरड्या क्रेटएवढाच वाईट.

थोडे थोडे पक्षी काढायची आपली सवय, आज शंभर उद्या दीडशे, ती फार महागात पडते. प्रत्येक वेळी पकडणारी माणसं, त्यांचे पाय, त्यांचे क्रेट आत येतात आणि उरलेल्या पक्ष्यांना लागण देऊन जातात, ते पक्षी मग आठवड्याने कापायला जातात, बरोबर जंतूंनी भरलेले असताना. एकाच वेळी काढता आले तर उत्तम. नाही जमलं तर मध्ये जाळीचं पार्टिशन घालून शेडचे दोन भाग करा, एक भाग पूर्ण रिकामा होईपर्यंत दुसऱ्यात कोणी जायचं नाही, आणि पकडणाऱ्यांना तुमचेच बूट द्या.

पकडताना घाई, आरडाओरडा नको. घाबरलेला पक्षी जास्त हगतो आणि जंतूही जास्त सोडतो, खालच्या क्रेटमधल्यांवर ते पडतं. अंधारात, हळू, दोन्ही पाय धरून, पंखाला धरून नाही. एप्रिल-मेमध्ये क्रेटमध्ये नेहमीपेक्षा दोन पक्षी कमी. गाडी निघाली की वाटेत चहाला थांबायचं नाही, उभ्या गाडीत हवा फिरत नाही.

दोन शेड असतील तर स्वच्छ बॅच आधी द्या, संशय असलेली शेवटी. आता स्वच्छ कुठली हे कळणार कसं, तर मोज्यांनी. स्वच्छ सुती मोजे बुटांवर चढवायचे, उकळून गार केलेल्या पाण्याने थोडे ओले करायचे, शेडभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मग निर्जंतुक पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला. विक्रीच्या आधी दोन-तीन आठवडे करायचं म्हणजे रिपोर्ट हातात यायला वेळ मिळतो, युरोपातही साल्मोनेलासाठी असेच बुटांचे नमुने घेतात. सॅम्पल कुठे द्यायचं आणि पैसे किती हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जुन्या गोव्यात एला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून विचारा. कॅम्पायलोबॅक्टरची तपासणी वेगळी सांगावी लागते, साल्मोनेलाच्या रिपोर्टमध्ये तो येत नाही.

आणि ज्या दिवशी पक्षी जातील त्या दिवशी दुकानावर स्वतः जा, पहिले पाच पक्षी उघडताना उभ्या राहा. पिशवी बोटाने दाबून बघा, चपटी आणि मऊ लागली, आत फक्त चमचाभर पाणी असेल तर वेळ जमली. घट्ट आणि खाद्याने भरलेली लागली तर पुढच्या वेळी खाद्य तासभर आधी बंद करा. तूस निघालं तर तास जास्त झाले. माझ्या वहीत प्रत्येक बॅचपुढे हे लिहिलेलं आहे, फीडर किती वाजता वर, कापलं किती वाजता, पाचपैकी किती पिशव्या रिकाम्या. मागच्या बॅचला पाचपैकी चार होत्या, पाचवीत तूस होतं, गाडी दीड तास उशिरा आली होती.